फ्युमिगेट कोणाला करतात, गोदामाला की झुरळांना?

तुमच्या प्रश्नाचा आशय आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही पुढचे उत्तर समजेल. तुम्ही गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका काजू कारखान्याच्या भांडारात अलीकडेच रुजू झाला आहात आणि तुमचे शालेय शिक्षण मराठीतून झाले आहे. परदेशी ग्राहकाने पत्र पाठवून विचारले की, पाठवायचा माल ‘फ्युमिगेट’ केलेला आहे की गोदामात नुसता ‘स्प्रे’ मारलेला आहे. त्यावर तुम्ही उत्तराचा मसुदा केला तो असा : ‘यस, वुई फ्युमिगेटेड द कॉक्रोचेस यस्टरडे मॉर्निंग अँड ओपन्ड द गोडाऊन ॲट नून.’ व्यवस्थापकांनी सही करायचे नाकारले, पण चूक काय ते सांगितले नाही. शब्दकोशात तुम्हाला ‘धुरी देणे’ एवढाच अर्थ मिळाला, आणि त्या दिवशी मशीन लावून धूर तर भरपूर केला होता. मग चुकले कुठे, आणि हा शब्द नेमका कसा वापरायचा, असे तुम्ही विचारले आहे.

कीड नियंत्रणाच्या कामात मला सव्वीस वर्षे झाली आणि माझेही शिक्षण फोंड्याच्या मराठी शाळेत झाले. इंग्रजी मी शिकलो ते औषधांच्या डब्यांवरील सूचनापत्रांतून आणि निर्यातीच्या प्रमाणपत्रांतून. त्यामुळे साहित्यातील इंग्रजीविषयी मी बोलणार नाही, पण या एका क्रियापदाशी माझा रोजचा संबंध आहे आणि त्याच्या चुकीच्या वापराने काय होते ते मी जवळून पाहिले आहे. तुमच्या वाक्यात व्याकरणाची म्हणावी अशी एकच चूक आहे. परंतु त्या वाक्यातील कर्म, वेळ आणि कर्ता ही तिन्ही अंगे ‘फ्युमिगेट’ या शब्दाला सोसत नाहीत, आणि तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे फ्युमिगेट म्हणजे धूर करणे.

ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे असेही नाही. लॅटिन भाषेत ‘फ्यूमस’ म्हणजे धूर आणि ‘आगेरे’ म्हणजे चालवणे किंवा हाकणे. या दोहोंपासून हे क्रियापद तयार झाले. लॅटिनचा ‘फ्यूमस’ आणि आपला संस्कृत ‘धूम’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत, त्यामुळे ‘धुरी’ आणि ‘फ्युमिगेट’ ही लांबची भावंडेच ठरतात. गोव्यातील ज्या वडीलधाऱ्यांनी पोर्तुगीज शाळा पाहिली आहे त्यांना तर हे सांगावेही लागत नाही. पोर्तुगीजमध्ये धुराला ‘फूमु’ आणि धूम्रपान करण्याला ‘फुमार’ म्हणतात, आणि बहुधा त्याच सवयीने आपल्याकडे अनेक जण ‘फ्युमिगेशन’ऐवजी ‘फुमिगेशन’ असा उच्चार करतात. ‘परफ्यूम’ हा शब्दही याच कुळातला आहे. आपल्या घरांत नवजात बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा, वावडिंग, धूप निखाऱ्यावर टाकून धुरी देतात, आणि सुश्रुतसंहितेत जखमी माणसाच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोन वेळा द्यावी असे सांगितले आहे. जुन्या इंग्रजीत ‘फ्युमिगेट’ या शब्दाचा अर्थ जवळजवळ हाच होता : सुगंधी किंवा औषधी धूर एखाद्या जागेत किंवा वस्तूला लागू देणे.

पण आमच्या धंद्यात आल्यावर या क्रियापदाने धूर मागे टाकला आणि फक्त त्यातला वायू ठेवला. आज कीड नियंत्रणाच्या भाषेत फ्युमिगेट करणे म्हणजे एखादी बंदिस्त जागा किंवा बंदिस्त केलेला माल विषारी वायूने भरणे, तो वायू ठरावीक प्रमाणात ठरावीक काळ तिथे टिकवून ठेवणे, आणि मग जागा मोकळी करून वायू पूर्णपणे निघून गेल्याची खात्री करणे. या व्याख्येत धूर कुठेच नाही. वायू डोळ्यांना दिसत नाही, आणि जे डोळ्यांना दिसते ते सामान्यतः फ्युमिगेशन नसते, ही या शब्दातली खरी गंमत आहे. पावसाळ्यात डासांसाठी पालिकेची किंवा पंचायतीची माणसे खांद्यावर मशीन घेऊन येतात, वाड्यावर पांढरा लोट पसरतो, पोरे त्यामागे धावतात आणि घरातली म्हातारी ‘धुंवर मारपाक आयल्यात’ (धूर मारायला आलेत) म्हणून खिडक्या लावून घेते. तो लोट धुरासारखा दिसतो खरा, परंतु तो डिझेलसारख्या तेलात मिसळलेल्या कीटकनाशकाच्या अतिसूक्ष्म थेंबांचा असतो, आणि त्याला इंग्रजीत ‘फॉग’ म्हणतात. तुमच्या गोदामात काल सकाळी तेच झाले.

थेंब आणि वायू यांतला फरक हा पंडिती काथ्याकूट नाही, कारण सगळे काम त्याच फरकावर चालते. थेंब कितीही बारीक असला तरी तो कुठेतरी जाऊन बसतो. ज्या पृष्ठभागावर बसेल तिथल्या किड्याला तो मारील, पण गोणीच्या आत, थप्पीच्या मधोमध, काजूगराच्या दोन पाकळ्यांच्या फटीत तो शिरत नाही. वायू मात्र रेणू-रेणूने पसरतो, गोणीच्या विणीतून आत जातो, दाण्याच्या भोकातून आतल्या अळीपर्यंत पोहोचतो, आणि काम झाल्यावर तसाच बाहेरही निघून जातो. तुमच्या ग्राहकाला भीती आहे ती झुरळांची नाही. त्याला भीती आहे काजूगराच्या डब्यात तांबड्या भुंगेऱ्याची अंडी राहून जाण्याची. ती अंडी फॉगने मरत नाहीत, म्हणूनच त्याने ‘फ्युमिगेट की स्प्रे’ असा नेमका प्रश्न विचारला आहे. त्याच्या पत्रातले हे दोन शब्द पर्यायी नाहीत, ते एकमेकांच्या विरोधात उभे केलेले आहेत.

घरातले एक उदाहरण देतो. कपड्यांच्या ट्रंकेत आपण डांबराच्या गोळ्या ठेवतो. त्या गोळ्या वितळत नाहीत, हळूहळू हवेत विरून वायुरूप होतात; ट्रंक घट्ट बंद असली तर आत तो वायू साचतो आणि कसर लागत नाही. त्याच गोळ्या उघड्या मांडणीवर ठेवल्या तर वास घरभर सुटतो आणि कसर लागायची ती लागतेच. माझ्याकडे नव्याने आलेल्या मुलांना मी याच ट्रंकेवरून समजावतो की, जिथे झाकण लावता येत नाही तिथे हे क्रियापद वापरता येत नाही. अंगण फ्युमिगेट होत नाही, भाट म्हणजे माडांची बाग फ्युमिगेट होत नाही, आणि चारी बाजूंनी कवाडे व वर कौलांच्या फटी असलेले जुने गोमंतकीय घरही, सांगणारा कितीही छातीठोकपणे सांगो, जसेच्या तसे फ्युमिगेट होत नाही.

आता व्याकरणाकडे वळतो, कारण तुमचा मूळ प्रश्न भाषेचा आहे आणि मराठी माणसाची खरी अडचण इथेच होते. मराठीत आपण ‘औषध मारले’ असे म्हणतो. या वाक्यात कर्म औषध हे आहे. जागा सप्तमीत जाते, ‘गोदामात औषध मारले’, आणि किडा आलाच तर तो चतुर्थीत येतो, ‘झुरळांना औषध मारले’. ही घडण डोक्यात ठेवून इंग्रजी वाक्य करायला बसले की ‘फ्युमिगेट’च्या पुढे औषध किंवा झुरळ यांपैकी काहीतरी येऊन बसते. इंग्रजीत या क्रियापदाचे कर्म नेहमी ती जागा किंवा तो माल असतो, जो वायूच्या वेढ्यात ठेवला जातो : गोदाम, कंटेनर, जहाजाची खण, थप्पी, लाकडी मूर्ती, जुन्या दप्तरांचे गठ्ठे. किडा कर्म होत नाही. त्याला वाक्यात आणायचेच असेल तर ‘अगेन्स्ट’ लावून आणतात, आणि वायूचे नाव ‘विथ’ लावून सांगतात.

हे लक्षात ठेवायला ‘औषध मारणे’ उपयोगी नाही, ‘सारवणे’ उपयोगी आहे. ‘आईने शेणाने अंगण सारवले’ या वाक्यात अंगण हे कर्म आहे आणि शेण हे साधन आहे. ‘शेण सारवले’ असे आपण म्हणत नाही, आणि ‘धूळ सारवली’ असे तर कोणीच म्हणत नाही, जरी सारवण्याचा हेतू धूळ बसवणे हाच असला तरी. फ्युमिगेटचेही तसेच आहे. ‘दे फ्युमिगेटेड द स्टॅक विथ फॉस्फिन अगेन्स्ट बीटल्स’ या वाक्यात थप्पी म्हणजे अंगण, फॉस्फिन हा वायू म्हणजे शेण, आणि भुंगेरे म्हणजे धूळ. ‘फ्युमिगेटेड द कॉक्रोचेस’ हे इंग्रजी कानाला ‘धूळ सारवली’ इतकेच विचित्र लागते. तुमच्या व्यवस्थापकांना बहुधा हेच खटकले असावे.

‘सारवणे’ आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. आपण स्वतः सारवले नसेल तर ‘सारवून घेतले’ असे म्हणतो. इंग्रजीत त्यासाठी ‘हॅव’ किंवा ‘गेट’ यांची मदत घेतात आणि कर्म मध्ये घालतात : ‘वुई हॅड द गोडाऊन फ्युमिगेटेड’, म्हणजे आम्ही गोदाम फ्युमिगेट करून घेतले. हा फरक तुमच्या बाबतीत केवळ भाषेचा नाही. धान्य आणि काजू यांसाठी फॉस्फिन वायू बहुतेक वेळा ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून मिळवतात. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन गोळीतून वायू सुटतो आणि मागे राखाडी भुकटी उरते. भारतात या गोळ्यांचा वापर सरसकट खुला नाही. सरकारी यंत्रणा, सरकारी उपक्रम आणि मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारे कीड नियंत्रण व्यावसायिक यांच्यापुरताच तो मर्यादित आहे. म्हणजे भांडारातल्या कर्मचाऱ्याने ‘वुई फ्युमिगेटेड’ असे लिहिणे ही वाचणाऱ्याच्या दृष्टीने एका निर्बंधभंगाची लेखी कबुलीच ठरते. तुम्ही तसे काही केलेले नाही हे मला कळते, पण ग्राहकाला ते कळायला मार्ग नाही.

जाता जाता एक ताकीद देतो, ती भाषेची नसली तरी. या गोळ्या कोणी ओळखीने आणून दिल्या तरी घरच्या तांदळाच्या कणगीत किंवा ढेकणांसाठी खाटेखाली ठेवू नका. फॉस्फिनच्या विषबाधेवर उतारा नाही, आणि बंद खोलीत झोपलेली माणसे अशा प्रकारे दगावल्याच्या घटना आपल्या देशात पुन्हा पुन्हा घडलेल्या आहेत. तांब्याला आणि चांदीलाही हा वायू खातो. जुन्या घरातील समया, विजेच्या तारा, दूरचित्रवाणी संच यांचे नुकसान होते ते वेगळेच.

तुमच्या वाक्यातील दुसरी अडचण वेळेची आहे. फॉस्फिनने काम करायचे असेल तर गोव्याच्या उष्ण हवेतही माल साधारणपणे पाच ते सात दिवस झाकून ठेवावा लागतो, कारण चालता-फिरता किडा लवकर मरतो पण अंडी आणि कोश चिवट असतात. मेथिल ब्रोमाइड हा दुसरा वायू एका दिवसात काम करतो. मात्र तो ओझोनच्या थराला घातक असल्यामुळे १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराच्या पुढील दुरुस्त्यांनुसार त्याचा सामान्य वापर विकसित देशांत २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांत २०१५ पर्यंत बंद करण्याचे ठरले, आणि तो आता विलगीकरणाच्या व निर्यातपूर्व प्रक्रियेपुरता उरला आहे. यांपैकी कोणताही वायू घेतला तरी ‘सकाळी केले आणि दुपारी उघडले’ हे बसत नाही. जाणकार ग्राहक ते वाक्य वाचून दोनच निष्कर्ष काढील : एक तर यांनी फ्युमिगेशन केलेलेच नाही, किंवा केले असेल तर वायू जायच्या आधीच माणसांना आत पाठवले. इंग्रजीत म्हणूनच या क्रियापदाबरोबर मुदत सांगण्याची पद्धत आहे, ‘फ्युमिगेटेड फॉर सेव्हन डेज’, आणि प्रमाणपत्रावर वायू सोडल्याची तारीख व जागा मोकळी केल्याची तारीख वेगवेगळ्या लिहितात.

काळाच्या रूपांबाबत मी जरा अधिक लिहिणार आहे, कारण याच बाबतीत एकदा माझ्या हाताखालच्या माणसाचा जीव थोडक्यात वाचला. वास्कोच्या बाजूला एका गोदामात आम्ही थप्प्यांवर प्लॅस्टिकचे जाड आच्छादन घातले होते, कडा जमिनीला घट्ट बसाव्यात म्हणून त्यांवर वाळूने भरलेल्या लांब पिशव्या ठेवल्या होत्या (आमच्यात त्यांना ‘सँड स्नेक’ म्हणतात), गोळ्या ठेवून दार लावले होते आणि दारावर फलक लावला होता. फलक गोदामाच्या कचेरीने स्वतःच छापून दिला होता आणि त्यावर कवटीच्या चित्राखाली ‘फ्युमिगेटेड’ एवढा एकच शब्द आणि तारीख होती. लिहिणाऱ्याच्या मनात अर्थ असा होता की या तारखेला वायू सोडला आहे. तिसऱ्या दिवशी माझा एक नवा कामगार राहिलेली दोरी आणायला आला, त्याने तो शब्द ‘झाले’ असा वाचला आणि दार उघडून आत गेला. लसणासारखा, कार्बाइडसारखा उग्र वास आल्याबरोबर तो बाहेर पळाला, डोकेदुखी आणि मळमळ यांवर निभावले. ‘फ्युमिगेटेड’ म्हणजे झालेले, हे त्याचे वाचन व्याकरणाला धरूनच होते. चूक फलकाची होती आणि तो फलक न वाचता टांगू दिल्याबद्दल माझीही होती.

तेव्हापासून माझ्या फलकांवर ‘अंडर फ्युमिगेशन’ असे असते, आणि खाली मराठीत ‘आत विषारी वायू आहे, दार उघडू नये’ असे वाक्य असते. ‘इज बीइंग फ्युमिगेटेड’ म्हणजे आत आत्ता वायू आहे. ‘हॅज बीन फ्युमिगेटेड’ म्हणजे काम पुरे झाले आहे आणि त्याचा परिणाम आज लागू आहे. ‘वॉज फ्युमिगेटेड ऑन’ म्हणजे अमुक तारखेला झाले, आजचे काही सांगत नाही. जागा मोकळी झाली हे सांगायला यांपैकी एकही रूप पुरत नाही, त्यासाठी ‘गॅस-फ्री’ असा वेगळा शब्द आहे, आणि तो शब्द वायुमापक यंत्राने हवा तपासल्याशिवाय आम्ही लिहीत नाही. फॉस्फिनच्या कामात हवेच्या दशलक्ष भागांत ०.३ भाग ही मर्यादा आम्ही पाळत आलो आहोत, आणि आता तर त्याहूनही कडक मर्यादा सुचवलेल्या आहेत. वास येत नाही म्हणून वायू नाही, असे धरून चालत नाही, नाक सरावते.

तिसऱ्या अडचणीविषयी, म्हणजे कर्त्याविषयी, वर सांगून झाले. प्रमाणपत्रांत कर्माला पुढे आणणारा प्रयोग इतका का आढळतो, तेही त्यातूनच उलगडते : ‘द गुड्स हॅव बीन फ्युमिगेटेड’. इथे कोणी केले यापेक्षा कशाला केले हे महत्त्वाचे असते. करणाऱ्याचे नाव, परवाना आणि शिक्का तळाशी येतात. इंग्रजी शिकवताना कर्मणी प्रयोग टाळा असे सांगतात, पण या कागदांत तो टाळू नये.

शेजारच्या शब्दांपैकी ‘स्प्रे’ आणि ‘फॉग’ यांची ओळख झाली आहे. ‘एक्स्टर्मिनेट’ या क्रियापदाचे मात्र कर्म किडा असतो, आणि तुम्हाला झुरळांविषयीच बोलायचे होते तर ते चालले असते. लॅटिनमध्ये ‘टर्मिनस’ म्हणजे सीमा, तेव्हा मूळ अर्थ हद्दपार करणे असा होता. नंतर तो समूळ मारून टाकण्यावर आला. व्यापारी पत्रात मी तो वापरत नाही, कारण एकही शिल्लक राहिले नाही असा दावा त्यात येतो, आणि झुरळांच्या बाबतीत असा दावा करणारा माणूस एक तर नवखा असतो किंवा लबाड. ‘इरॅडिकेट’ म्हणजे मुळासकट उपटणे, आपल्या ‘उन्मूलन’ शब्दात जे चित्र आहे तेच. तो रोग किंवा कीड देशातून, बेटावरून नाहीशी करण्यासाठी राखून ठेवावा. ‘डिसइन्फेस्ट’ आणि ‘डिसइन्फेक्ट’ यांत एका अक्षराचा फरक आहे, पहिल्यात कीड जाते आणि दुसऱ्यात जंतू जातात.

या शेवटच्या जोडीमुळे आपल्याकडे एक गोंधळ होतो. इस्पितळातील परिचारिका ‘आज ओटी फ्युमिगेशन आहे’ असे म्हणतात तेव्हा तिथे कीड नसते. पूर्वी शस्त्रक्रियेची खोली बंद करून फॉर्मेलिनची वाफ सोडत, जंतू मारण्यासाठी. २०१८ साली मासळीत ते मिसळल्याच्या आरोपांमुळे गोव्यातील घराघरांत ज्याचे नाव पोहोचले तेच हे फॉर्मेलिन. आता अनेक ठिकाणी हायड्रोजन पेरॉक्साइडचे तुषार वापरतात, म्हणजे कृती बदलून फॉगची झाली, तरी नाव फ्युमिगेशनच राहिले. अशा रूढ वापराला चूक म्हणून हिणवण्यात अर्थ नाही, मात्र तो त्या खोलीपुरता ठेवावा. जुन्या कागदांच्या बुरशीसाठी केलेले फ्युमिगेशन मात्र शब्दाला अगदी धरून आहे : बंद कपाटात थायमॉलचे खडे विजेच्या दिव्याच्या उष्णतेवर ठेवतात आणि त्याची वाफ दिवसेंदिवस कागदांना लागू देतात. थायमॉल म्हणजे ओव्याचे फूल. बाळाच्या धुरीतला ओवा दप्तरखान्यात जाऊन बसला, असे मला नेहमी वाटते.

घरमालकांच्या तोंडी हा शब्द येतो तो बहुतेक चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी. गणपतीच्या वरची फळापानांची माटोळी बांधायच्या आत ‘घर फ्युमिगेट करून द्या’ असे फोन येतात आणि त्यांना हवे असते ते स्वयंपाकघरात झुरळांसाठी जेल आणि वाळवीसाठी काहीतरी. वाळवीच्या बाबतीत तर हा शब्द मुळातच निरुपयोगी आहे. आपल्याकडची बहुतेक वाळवी जमिनीखालून येते. ज्या रोयणीला, म्हणजे वारुळाला, आपण सातेरी देवी म्हणून हात जोडतो ती तिचेच घर आहे. वायूने घरातली वाळवी मेली तरी जमिनीतली वसाहत तशीच राहते, आणि वायू मागे काहीच ठेवून जात नसल्यामुळे आठवड्याने ती पुन्हा वर येते. म्हणून तिथे भिंत आणि जमीन जुळते त्या रेषेवर फूट-फूट अंतराने भोके पाडून द्रव औषध सोडतात, आणि त्याला ‘ट्रीट’ हे साधे क्रियापद आहे. फ्युमिगेशनने आज आत असलेले मारता येते, उद्या येणारे थोपवता येत नाही. अमेरिकेतील एखाद्या कथेत ‘वुई हॅड द हाऊस फ्युमिगेटेड’ असे वाचाल तर तिथे कोरड्या लाकडातल्या वाळवीसाठी अख्ख्या घरावर तंबू घालून कुटुंब काही दिवस दुसरीकडे राहायला गेलेले असते. आपल्या शेजाऱ्याचे तेच वाक्य अर्ध्या तासाच्या फवारणीचे असते.

तुमच्या ग्राहकाच्या पत्रात लाकडी पॅलेटांचा, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटींचा उल्लेख आहे, म्हणून एवढे लिहितो. निर्यातीच्या लाकडी वेष्टनासाठी ‘आयएसपीएम १५’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता ३० मिनिटे पोहोचवणे हा एक मार्ग आहे आणि मेथिल ब्रोमाइडचा वायू देणे हा दुसरा. पहिल्याचा शिक्का ‘एचटी’, दुसऱ्याचा ‘एमबी’. बाजारात दोन्हींना ‘फ्युमिगेटेड पॅलेट’ म्हणतात, आणि तुमचा पुरवठादारही तेच म्हणेल. पॅलेटवर ‘एचटी’ असेल तर पत्रात ‘हीट-ट्रीटेड’ असेच लिहा; काही ग्राहकांना, विशेषतः सेंद्रिय माल घेणाऱ्यांना, वायू दिलेले लाकूड किंवा माल नकोच असतो, आणि त्यांच्यासाठी ‘फ्युमिगेटेड’ हा शब्द माल परत येण्याचे कारण ठरू शकतो.

आता तुमचा मसुदा. घडलेली गोष्ट जशीच्या तशी इंग्रजीत मांडली तर ती अशी होते : ‘द गोडाऊन वॉज फॉग्ड अगेन्स्ट कॉक्रोचेस यस्टरडे. द कार्गो हॅज नॉट येट बीन फ्युमिगेटेड.’ दुसऱ्या वाक्यातील ‘येट’ हा छोटा शब्द काढू नका, कारण त्यात पुढे करून घेणार असल्याचे येते. ही कबुली द्यायला व्यवस्थापक कचरतील, परंतु ग्राहकाने विचारले आहे ते मालाविषयी, आणि माल काल फ्युमिगेट झालेला नाही. त्याआधी गोदामातल्या माणसांना एक विचारून घ्या : फॉग मारताना काजूगराच्या उघड्या गोण्या आत होत्या की डबे सीलबंद होते. गोण्या उघड्या असतील तर तेलाचे थेंब त्यांवर बसलेले असणार, आणि तसा माल फ्युमिगेट करून स्वच्छ होत नाही. तो बाजूला काढावा लागेल. डबे बंद असतील तर परवानाधारक व्यावसायिकाकडून कंटेनरचे काम करून घ्या, त्याच्याकडून वायू सोडल्याची आणि गॅस-फ्री झाल्याची अशा दोन्ही तारखा लेखी घ्या, आणि मग तिसरे वाक्य जोडा : ‘द कार्गो वॉज फ्युमिगेटेड विथ फॉस्फिन बाय अ लायसन्स्ड ऑपरेटर, फ्रॉम’ अमुक तारीख ‘टू’ अमुक तारीख. त्या दोन तारखांच्या मध्ये एकच दिवस दिसला तर पत्र पाठवू नका, आधी व्यावसायिकाला फोन करा.